दवाखान्यातली नोंद कुणी बदलली नाही ना?

आषाढात भातलावणी सुरू झाली की वेल्ह्यात आणि भोरच्या पश्चिम भागात सर्पदंशाची भीती घरोघर असते. चिखलात, बांधावर, रात्री गोठ्यात, मण्यार असेल तर झोपेतसुद्धा. घोणस चावल्याचा संशय असला की पहिल्या दवाखान्यातले डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेतात आणि नळी वीस मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही तर विष भिनले असे धरून प्रतिविष सुरू होते, सुरुवातीला साधारण १० कुप्या. मग १०८ ची गाडी, मार्गासनी, नसरापूर, कात्रज आणि पुढे ससून किंवा वाटेतले एखादे मोठे रुग्णालय. रुग्णासोबत जाते ती एक संदर्भ चिठ्ठी.

त्या चिठ्ठीवर चार गोष्टी नीट लिहिलेल्या असाव्या लागतात. दंश किती वाजता झाला, नळीतले रक्त गोठले की नाही आणि ते किती वाजता पाहिले, प्रतिविषाच्या किती कुप्या केव्हा दिल्या, औषधाची रिअ‍ॅक्शन आली का. पुण्यातले डॉक्टर पुढचा निर्णय यावरूनच घेतात. रक्त गोठण्याची चाचणी सहा तासांनी पुन्हा करायची असते आणि ते सहा तास कुठून मोजायचे हे ती चिठ्ठीच सांगते. दुर्दैवाने माणूस दगावला तर त्याच वेळा पोलीस पंचनाम्याशी, शवविच्छेदनाच्या अहवालाशी आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाच्या प्रकरणाशी जुळाव्या लागतात. सर्पदंशाने झालेला मृत्यू या योजनेत बसतो आणि वारसांना दोन लाखांपर्यंत मदत मिळते. कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर प्रकरण अडकते आणि घरच्यांना हेलपाटे पडतात.

कागदाच्या चिठ्ठीला इथला पाऊस सोसत नाही. शाई फुटते, आकडा वाचता येत नाही, घाईत चिठ्ठी गाडीतच राहते. म्हणून नोंदी संगणकावर घ्यायच्या, हे आता बहुतेकांना पटले आहे. पण कागदावर खाडाखोड केली तर ती दिसते. संगणकावर ९ वाजून ४० मिनिटांचे ८ वाजून ४० मिनिटे केले तर मागे काहीच खूण उरेल असे नाही. ज्याच्या हाती यंत्रणेचा पासवर्ड आहे, तो माणूस नोंद बदलू शकतो आणि बदलाची नोंदही पुसू शकतो. आरोग्याच्या डिजिटल नोंदींसाठी ब्लॉकचेन वापरायची जी चर्चा चालते, ती या एका दुखण्यासाठी. या दुखण्यावर ती खरोखर उपयोगी आहे. बाकी दुखण्यांवर तिचा फारसा उपयोग नाही. हा फरक ज्या रुग्णांना, आशाताईंना, लहान दवाखाने आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना आणि गावच्या कारभाऱ्यांना नीट कळेल, त्यांची फसवणूक होणार नाही.

ठसा आणि साखळी

कुठल्याही संगणकीय फाइलचा एक गणिती ठसा काढता येतो. त्याला हॅश म्हणतात. सर्वाधिक वापरातली पद्धत एसएचए-२५६. फाइल एका ओळीची असो की शंभर पानांची, ठसा कायम ६४ अक्षरांचाच येतो. तीच फाइल भोरच्या संगणकावर तपासा की पुण्याच्या, ठसा तोच. पण फाइलमध्ये हिमोग्लोबिन ९.८ चे ८.९ केले की येणारा नवा ठसा जुन्यासारखा अजिबात दिसत नाही. आणि नुसत्या ठशावरून मूळ रिपोर्ट उलगडता येत नाही.

आता समजा, दवाखान्यात दिवसभरात झालेल्या सगळ्या नोंदींचे ठसे काढले, ते एकत्र करून त्यांचा मिळून एक ठसा काढला आणि त्यात आदल्या दिवसाचा ठसाही मिसळला. उद्याच्या ठशात आजचा येणार, परवाच्या ठशात उद्याचा. ही माळ एकाच कार्यालयात न ठेवता तिच्या प्रती वेगवेगळ्या संस्थांकडे ठेवल्या. मग मागच्या मंगळवारची एक नोंद गुपचूप बदलायची झाली, तर त्यानंतरचे सगळे ठसे बदलावे लागतील आणि तेही प्रत्येक संस्थेच्या संगणकावर. ब्लॉकचेन म्हणतात ती हीच.

भोर-वेल्ह्यात फेरफार नोंदवही ठाऊक नाही असे घर सापडणार नाही. वारसाची नोंद चुकली म्हणून तलाठी जुना फेरफार फाडून टाकत नाही. दुरुस्तीचा नवा फेरफार पडतो आणि दोन्ही कायम दिसतात. ब्लॉकचेनवर नोंदींचा व्यवहार असाच चालतो. रक्तगट चुकून ‘बी’ लिहिला गेला तर तो पुसत नाहीत, दुरुस्तीची नवी नोंद येते आणि ती कुणी व केव्हा केली हेही सोबत राहते. डॉक्टरांसाठी ही संरक्षणाची गोष्ट आहे. प्रामाणिकपणे केलेली दुरुस्ती उघडपणे दिसली तर तिच्यावर संशय घ्यायला जागा राहत नाही.

ही कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोन संशोधकांनी दस्तऐवजावर वेळेची मोहोर उमटवण्याची ही रीत मांडली. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीचा ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापून येऊ लागला. हजारो घरांत पोचलेला अंक मागे जाऊन कोण बदलणार? बिटकॉइनचा आराखडा आला तो २००८ मध्ये. नाणी, सट्टा, रातोरात दुप्पट होणारी गुंतवणूक यांचा आरोग्याच्या नोंदींशी काहीही संबंध नाही. ब्लॉकचेनचे नाव घेऊन कुणी तुम्हाला आरोग्याचे ‘कॉइन’ विकायला आला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

ठशाबद्दलची एक व्यवहाराची गोष्ट फार थोडे लोक सांगतात. एकच कागद दोनदा स्कॅन केला तर ठसे दोन येतात, कारण फाइली दोन झाल्या. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसून जातो. डोळ्यांना तोच दिसतो, पण ठसा वेगळा येतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते. त्यामुळे प्रयोगशाळेने दिलेली मूळ पीडीएफ जपा आणि पुढे पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. ही सवय आजपासून लावून घेता येते, तिला कुठल्याही ब्लॉकचेनची वाट पाहावी लागत नाही. स्वतः करून पाहायचे असेल तर विंडोजच्या संगणकात ठसा काढण्याची सोय आधीपासून असते, ‘सर्टयुटिल’ नावाच्या आज्ञेने ती चालते. कॉलेजात शिकणारी घरातली मुले पाच मिनिटांत दाखवतील. एक रिपोर्ट घ्या, ठसा काढा, त्यातला एक आकडा बदला, पुन्हा काढा. वाचून जे पटणार नाही ते असे करून पाहिल्यावर लगेच पटेल.

ब्लॉकचेन काय करू शकत नाही

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली आणि पुढचे सुमारे दोन आठवडे देशातले हे नावाजलेले सरकारी रुग्णालय केसपेपर हाताने लिहीत होते. तिथे ब्लॉकचेन असती तर? परत मिळवलेली माहिती हल्ल्याच्या आधीचीच आहे, तिच्यात कुणी ढवळाढवळ केलेली नाही, हे पटकन सिद्ध करता आले असते. पण हल्ला थांबला नसता आणि हरवलेली माहिती ठशांवरून परत आली नसती. त्यासाठी लागते ती रोजची बॅकअप प्रत, मूळ यंत्रणेपासून तोडून वेगळी ठेवलेली. ज्या दवाखान्यात बॅकअप नाही तिथे ब्लॉकचेनवर खर्च करणे चूक आहे.

गोपनीयतेचेही तसेच. जून २०२३ मध्ये कोविड लसीकरणाच्या कोविन नोंदणीतली लोकांची माहिती टेलिग्रामवरच्या एका बॉटमधून बाहेर पडत असल्याचे उघड झाले. माहिती बाहेर फुटणे वेगळे आणि माहिती बदलली जाणे वेगळे. ब्लॉकचेन दुसरे पकडते, पहिले नाही. उलट रुग्णाचे नाव, आजार, रिपोर्ट असे सगळे थेट साखळीवर चढवले तर त्याच्या प्रती अनेक संगणकांवर कायमच्या बसतात आणि मग पुसताही येत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. जी यंत्रणा आजाराची माहितीच साखळीवर ठेवते, ती या हक्काच्या आड येते. साखळीवर फक्त ठसा असावा. नोंद दवाखान्याच्या किंवा सरकारच्या सुरक्षित सर्व्हरवर, कुलूपबंद.

ठशातही एक खोच आहे आणि ती तंत्रज्ञ मंडळींनाच विचारायची आहे. मोबाइल क्रमांकाचा नुसता ठसा काढून ठेवला तर तो लपत नाही, कारण दहा आकडी सगळे क्रमांक एकेक करून तपासायला साध्या संगणकालाही फार वेळ लागत नाही. ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ अशा दोनच शक्यता असलेल्या निकालाचा ठसा तर दोन प्रयत्नांत ओळखता येतो. म्हणून ठसा काढण्यापूर्वी प्रत्येक नोंदीत एक गुप्त, लांबलचक, यादृच्छिक आकडा मिसळावा लागतो. त्याला सॉल्ट म्हणतात. यंत्रणा बनवणाऱ्याला हा प्रश्न विचारला आणि त्याच्याकडे उत्तर नसले, तर तिथेच थांबा.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. नर्सबाईंनी घाईत वजन ५२ ऐवजी २५ टाकले तर साखळी त्या २५ ला जन्मभर जपेल. खरे-खोटे तिला कळत नाही. आणि वेळेचेही असेच. वेल्ह्यातल्या घाटमाथ्यावर, केळदकडे किंवा भोरच्या हिरडस मावळात मोबाइलची रेंज कुठे मिळते, कुठे नाही. उपकेंद्रातल्या टॅबवर रात्री ९.४० ला नोंद केली आणि ती सकाळी ६ वाजता रेंजमध्ये आल्यावर साखळीला जोडली गेली, तर सिद्ध एवढेच होते की सकाळी ६ नंतर तिच्यात बदल झालेला नाही. रात्री ९.४० ते सकाळी ६ या वेळेची हमी साखळी देत नाही. म्हणून दुर्गम भागात टॅबमध्ये जागच्या जागी ठसा काढून त्यावर नोंद करणाऱ्याची डिजिटल सही उमटवण्याची सोय हवी, आणि कागदी रजिस्टरवर वेळ व सही असायलाच हवी. इथल्या डोंगरात कागदी रजिस्टर आज सोडून देणे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे कुठे चालले आहे

आरोग्यासाठी ही रीत सर्वांत नेटाने वापरली ती एस्टोनियाने. लोकसंख्या जेमतेम १३ लाख. २००७ मध्ये या देशावर मोठे सायबर हल्ले झाले आणि त्यानंतर सरकारी नोंदींच्या खरेपणाची काळजी तिथे ऐरणीवर आली. २०१६ मध्ये गार्डटाइम या तिथल्याच कंपनीच्या ठशांच्या यंत्रणेशी आरोग्यनोंदी जोडायचे काम हाती घेतले गेले. रुग्णाचे रिपोर्ट साखळीवर नाहीत, नोंदींचे आणि त्या कुणी पाहिल्या याच्या रोजनिशीचे ठसे आहेत. तिथला नागरिक आपल्या खात्यात जाऊन कोणत्या डॉक्टरने आपली फाइल केव्हा उघडली हे पाहू शकतो. आपल्याकडे आणायची असेल तर मला ही गोष्ट सर्वांत आधी आणावीशी वाटते. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. शेजारच्या मुलीचा रिपोर्ट कुणीतरी सहज उघडून पाहिला, हे मोठ्या हॅकरपेक्षा इथे जास्त घडण्यासारखे आहे, आणि पाहणाऱ्याची खूण राहते हे माहीत असले तर हात आपोआप आखडतो.

महाराष्ट्रात सरकारी कागदांसाठी ब्लॉकचेनचा उल्लेखनीय वापर झाला तो गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत. २०२२ मध्ये तिथे सुमारे ६५ हजार जातीचे दाखले देताना त्यांची पडताळणी पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनशी जोडायचे काम झाले. दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की दाखला खरा की बनावट ते कळते. आदिवासी, दुर्गम तालुक्यात ते होऊ शकले, याचा अर्थ भोर-वेल्ह्यातही होण्यासारखे आहे. वेल्ह्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात, पण रेंजचे आणि रस्त्याचे प्रश्न तेच आहेत.

केंद्र सरकारने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ नावाची ब्लॉकचेनची राष्ट्रीय चौकट सुरू केली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा सेंटरांवर ती चालते. डिजिटल आरोग्यनोंदी कोणत्या साच्यात लिहायच्या याची मानके ठरवायला मदत करणारे राष्ट्रीय केंद्रही पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. म्हणजे लागणारी माणसे आणि यंत्रे आपल्याच जिल्ह्यात आहेत. पंचायत समितीला किंवा रुग्णालयाला असा काही प्रयोग करायचा असेल तर खासगी विक्रेत्याआधी तिथे पत्र लिहावे.

आभा आणि घरची फाइल

तुमच्या हाती आज जे आहे ते म्हणजे आभा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, त्यातला १४ आकडी आभा क्रमांक अनेकांनी काढला आहे. तो ब्लॉकचेनवर चालत नाही. त्याची रचना अशी की रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो आणि तुमची संमती मिळाल्यावरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतो. संमती देताना कोणत्या कामासाठी, कोणत्या काळातले कागद आणि किती दिवस दाखवायचे हे ठरवता येते. दिलेली संमती परतही घेता येते. मोबाइलवर संमतीची विनंती आली की मुदत वाचा. एका तपासणीसाठी वर्षभराची मुदत मागितली असेल तर ती कमी करा.

आभा कार्ड म्हणजे विमा नव्हे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड या उपचारखर्चाच्या योजना आहेत, आभा फक्त नोंदींचा पत्ता. आभा काढणे ऐच्छिक आहे आणि आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. शंका असली तर १४४७७ या मोफत क्रमांकावर विचारा.

ओटीपीबद्दल आशाताईंना आणि आरोग्यसेवकांना एक कळकळीची विनंती आहे. उद्दिष्ट पुरे करायचे म्हणून दारोदार ओटीपी विचारत जाऊ नका. माणसाला आधी सांगा की हे काय आहे, मग त्याच्या समोर करा, आणि त्याला त्याचा आभा पत्ता कागदावर लिहून द्या. फोनवरून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नये, हे गावात पुन्हा पुन्हा सांगा, कारण तुम्हीच दिलेल्या सवयीचा फायदा उद्या ठग घेतील. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवायला सांगा.

नाव आणि मोबाइल क्रमांक या दोन गोष्टींवर सगळी नोंद टांगलेली असते आणि आपल्या भागात नेमके तिथेच घोटाळे होतात. सासरी वेल्ह्यात नाव नोंदवलेली गरोदर मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, कधी मुळशीत, कधी नदीपलीकडे सातारा जिल्ह्यात. केसपेपरवर एकीकडे माहेरचे आडनाव, दुसरीकडे सासरचे, आधारवर तिसरेच. मग त्याच बाईच्या दोन-तीन अर्धवट नोंदी तयार होतात आणि आधीच्या तपासणीतला रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस काहीच पुढच्या डॉक्टरला दिसत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड आणि त्यावरचा आरसीएच क्रमांक माहेरी जाताना सोबत घ्याच आणि तिथल्या नर्सबाईंना ‘नवीन नोंद करू नका, या क्रमांकावर शोधा’ असे सांगा. मुंबईला कामाला असलेल्या मुलाच्या क्रमांकावर गावातल्या आईवडिलांची आभा जोडलेली असेल तर रात्री वेल्ह्याच्या दवाखान्यात ओटीपी मुंबईत वाजतो. घरात जो माणूस गावात राहतो त्याचा क्रमांक जोडा, आणि सिम बदलले की त्याच आठवड्यात दुरुस्ती करून घ्या.

घरात फोन एकच असेल तर आणखी जपा. गर्भपात, एचआयव्ही, क्षयरोग, मानसिक आजार यांच्या नोंदी सगळ्यांना दिसाव्यात असे नसते. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख गुप्त ठेवणे २०२१ च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरवर कायद्यानेच बंधनकारक आहे. अशी नोंद सामायिक फोनवरच्या आभाला जोडायची की नाही, हे त्या बाईला एकटीला विचारून ठरवावे. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना मिळालेला होकार संमती म्हणून धरू नये.

उपचार संपले की कागद मागून घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या प्रती द्यायच्या असतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या, त्यावर तारीख आणि वेळ घालून घ्या. खरे तर नोंद मागून बदलली जाऊ नये यासाठी तुमच्या हातातला आजचा सर्वांत चांगला उपाय हाच आहे, की तिची प्रत लवकरात लवकर तुमच्याकडे असावी. बाहेरच्या प्रतींशी ताडून पाहता येते म्हणूनच साखळीलाही बळ येते. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्टच्या मूळ पीडीएफ आणि औषधांची यादी आभाच्या अ‍ॅपमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये ठेवा, शिवाय प्लॅस्टिकच्या पाकिटात कागदी संच घरात ठेवा.

लहान दवाखाने आणि प्रयोगशाळांसाठी

भोर, नसरापूर, कापूरहोळला खासगी प्रयोगशाळा चालवणाऱ्यांनी आधी तीन कामे करावीत. काउंटरवरच्या प्रत्येक माणसाला वेगळा लॉगइन द्यावा, कारण एकाच पासवर्डवर चौघे काम करत असतील तर कुणी काय बदलले हे कोणतीही साखळी सांगू शकणार नाही. रोज संध्याकाळी बॅकअप घेऊन ती हार्डडिस्क संगणकापासून काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. रिपोर्टवर डिजिटल सही घ्यावी. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची लोकांना सवय झालीच आहे, रिपोर्टलाही ते विश्वासाने घेतील. या तीन गोष्टी झाल्या की ठसे बाहेर ठेवणे हे फार खर्चाचे काम राहत नाही, कारण दिवसाअखेर एकच ठसा पाठवायचा असतो.

योजना दारात आली तर

‘ब्लॉकचेनवर आरोग्यनोंदी’ असे सादरीकरण घेऊन कुणी ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत किंवा रुग्ण कल्याण समितीपुढे आले तर पहिला प्रश्न असा विचारा: साखळीच्या प्रती कुणाकुणाकडे असतील? सगळ्या प्रती त्याच कंपनीच्या सर्व्हरवर असतील तर ती ब्लॉकचेन नावापुरती आहे. आपल्या जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, भोरचे उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. या तिघांकडे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे एकेक प्रत असली तर कुणा एकाला गुपचूप बदल करणे अवघड जाईल. ज्यांचे हितसंबंध वेगळे आहेत त्यांच्या हाती प्रती असणे, हाच या तंत्राचा गाभा आहे.

मग विचारा, साखळीवर नेमके काय चढणार? उत्तर ‘रुग्णाची सगळी माहिती’ असे आले तर नको म्हणा. रुग्णाकडे एखादी गुप्त किल्ली देणार असाल, तर फोन भातखाचरात पडल्यावर तिचे काय? किल्ली हरवली तरी ओळख पटवून नोंद परत मिळाली पाहिजे, नाहीतर म्हातारी माणसे पहिल्याच पावसाळ्यात आपल्या फाइलीला मुकतील. कंत्राट संपले किंवा बिलावरून वाद झाला तर माहिती कोणत्या साच्यात, किती दिवसांत परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. २०२२ मध्ये राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चाललेली संगणकीय यंत्रणा कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि रुग्णालये पुन्हा कागदावर आली. तो अनुभव ताजा आहे.

शेवटचा प्रश्न रेंजचा. सादरीकरण तालुक्याच्या ठिकाणी, सभागृहात करू देऊ नका. यंत्रणा पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, डोंगरातल्या एखाद्या उपकेंद्रात चालवून दाखवायला सांगा. नोंद करायची, टॅब बंद करायचा, रेंज आल्यावर ती जशीच्या तशी पोचली का ते पाहायचे, आणि मग एक आकडा मुद्दाम बदलून यंत्रणा तो पकडते का ते सगळ्यांसमोर तपासायचे. ही चाचणी आरोग्यसेविकेच्या हातून करून घ्या, कंपनीच्या माणसाच्या नव्हे.